तात्पुरत्या ताब्यातील माणूस

२०२५ च्या एप्रिल महिन्याच्या २६ तारखेस पहाटे सुरत व अहमदाबाद या दोन शहरांत पोलिसांनी एकाच वेळी मोठी शोधमोहीम केली. पहलगाम येथील हत्याकांडास त्या दिवशी चार दिवस झाले होते. बेकायदेशीरपणे राहणारे बांगलादेशी असल्याच्या संशयावरून अहमदाबादेत ८९० व सुरतेत १३४ माणसे ताब्यात घेण्यात आल्याचे राज्याच्या गृहराज्यमंत्र्यांनी त्याच दिवशी जाहीर केले. अहमदाबादेतील त्या ८९० मध्ये २१९ स्त्रिया व २१४ मुले होती. पुढील दोन दिवसांत राज्यभर ताब्यात घेतलेल्यांची संख्या सुमारे ६,५०० वर गेली, आणि त्यांपैकी ४५० जण बांगलादेशी असल्याचे कागदपत्रांवरून तोपर्यंत सिद्ध झाले आहे, असे पोलीस महासंचालकांनी सांगितले. बाकीच्यांची चौकशी त्या वेळी चालू होती.

या मोहिमेच्या राजकीय योग्यायोग्यतेविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. आपल्या देशात कोणी राहावे व कोणी राहू नये हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राज्यसंस्थेस आहे, हे ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीनेही कधी नाकारलेले नाही. प्रस्तुत लेखात आम्हांस त्याहून साध्या, आणि म्हणूनच बहुधा सुटून जाणाऱ्या, एका प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. संशयावरून पकडलेला माणूस परदेशी आहे की स्वदेशी, हे ठरेपर्यंत जे दोन, पाच, दहा वा तीस दिवस जातात, त्या दिवसांत तो कोठे निजतो? काय खातो? त्याच्याबरोबरच्या स्त्रियांना शौचास कोठे जावे लागते? त्याचे औषध त्याला कोण देतो? आणि हे सर्व पाहण्याचा अधिकार कोणाला असतो?

सुरतेत हा प्रश्न उपस्थित व्हावा यात एक विचित्र योग आहे. हे शहरच मुळी बाहेरून आलेल्यांचे आहे. मोगलांच्या काळी हाजी येथूनच मक्केला निघत, आणि १६१३ च्या सुमारास इंग्रजांनी आपली वखार येथे घातली. आज यंत्रमागावर काम करणारा ओरिसातील गंजाम जिल्ह्यातला असतो, हिऱ्याला पैलू पाडणारा पुष्कळदा सौराष्ट्रातला असतो, भरतकाम व जरीकाम करणारे अनेक जण बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातून येतात, आणि लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत तर खानदेशची बोली इतकी कानी पडते की नवख्या माणसाला आपण धुळ्यास आहोत की काय असे वाटावे. बारडोलीकडील उसाच्या फडात दरवर्षी कोयता घेऊन उतरणारी नंदुरबारची आदिवासी कुटुंबे वेगळीच. यांतील कोणालाही ‘तू येथला कसा?’ असे विचारले तर उत्तर द्यायला वेळ लागेल. तो प्रश्न आजवर खानदेशी माणसाला फारसा कोणी विचारला नाही, एवढेच. बंगाली बोलणाऱ्याला तो त्या पहाटे विचारला गेला.

सुरतेतील एका जरीकाम करणाऱ्या कुटुंबाची हकीकत त्या आठवड्यात वृत्तसंस्थांनी प्रसिद्ध केली होती. हे गृहस्थ मूळचे बंगालचे, सहा वर्षांपासून सुरतेत राहणारे. त्यांच्या पत्नीने सांगितले की पहाटे तीनच्या सुमारास पोलीस आले व पतीस आणि त्याच्या दोन तरुण पुतण्यांना घेऊन गेले. घरी पारपत्र होते, गावाकडील जमिनीचा १९९३ चा दस्तऐवजही होता. तरी दिवस उलटले आणि माणसे घरी आली नाहीत. वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. नागरिक असल्याचा उत्तम पुरावा हाताशी असणाऱ्याची जर ही स्थिती, तर ज्याची कागदपत्रे गावच्या ट्रंकेत पडून आहेत त्याचे काय? आणि जो खरोखरच सीमा ओलांडून आलेला आहे, त्याचे काय? त्याला भूक, ताप व लज्जा इतरांपेक्षा कमी असतात असे तर नाही.

या सर्व प्रकरणात ‘अटक’ हा शब्द फारसा आला नाही. वर्तमानपत्रांनी, अधिकाऱ्यांनी, आणि आम्हीही वर, ‘ताब्यात घेतले’ असाच शब्दप्रयोग केला. हा शब्द आपण सारेच सहज वापरतो. पण त्यात मोठी मेख आहे. ‘अटक’ या शब्दामागे कायद्याचा मोठा पसारा उभा आहे. संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे अटक झालेल्यास कारण सांगावे लागते, त्याला वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. हे संरक्षण ‘नागरिका’ला नाही, ‘व्यक्ती’ला आहे, शत्रुदेशाचा माणूस आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेखालचा माणूस एवढेच त्याला अपवाद. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू यांच्या प्रकरणात घालून दिलेले नियम आमच्या बहुतेक वाचकांनी ठाण्याच्या भिंतीवर लावलेले पाहिले असतील: अटकेची नोंद साक्षीदाराच्या सहीने करावी, नातलगास कळवावे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करावी. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती सोडून, स्त्रीला अटक करता येत नाही. करावयाची झाल्यास महिला अधिकारी हवी व दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी.

‘ताबा’ या शब्दामागे यांपैकी काहीच उभे नाही, निदान तसे मानले जाते. ‘आम्ही अटक केलेली नाही, केवळ चौकशीसाठी बसवून ठेवले आहे’ हे वाक्य ज्यांनी ठाण्याच्या दारात ऐकले नाही असे पाळकीय कार्यकर्ते थोडे असतील. वस्तुतः हा भेद कायद्याला मान्य नाही. १९८० साली महाराष्ट्रातून गेलेल्या निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर राजाराम खरोटे या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की एखाद्या माणसावर शारीरिक नियंत्रण आले की तो कोठडीतच आहे, आणि अनौपचारिक ताबा, चौकशीपुरता ताबा अशी शब्दांची कसरत ही कायद्याच्या सरळपणातून पळवाट काढणे होय. निर्णयाला चार दशकांहून अधिक काळ लोटला. शब्द मात्र तसाच चालू आहे, कारण तो सोयीचा आहे.

याची जाणीव आम्हांस पुस्तकातून झाली नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका शहरात सेवेस होतो. तेथे शिकणारा एक आफ्रिकी विद्यार्थी आमच्या रविवारच्या उपासनेस येत असे. त्याच्या वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपली होती. चूक त्याचीच होती. महाविद्यालयाचे शुल्क थकले, म्हणून दाखला मिळाला नाही, म्हणून अर्ज गेला नाही, अशी ती साखळी होती. कागद येईपर्यंत त्याला एका ठाण्यात अकरा दिवस ठेवण्यात आले. तो कोठडीत नव्हता. कोठडीच्या बाहेरच्या बोळात, एका बाकावर, रात्री बाकाखालच्या फरशीवर. पहिल्या दिवशी आम्ही पांघरूण घेऊन गेलो तेव्हा तेथील अधिकारी, जे स्वभावाने सज्जन होते, हसून म्हणाले, “फादर, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, पांघरूण कशाला?” चौथ्या दिवशी आम्ही त्याच्या जेवणाविषयी विचारले. ते खरोखरच अडचणीत पडले. कोठडीतील आरोपीच्या भोजनखर्चाची नोंद करता येते. हा आरोपी नव्हता, तेव्हा याचा खर्च कोणत्या सदराखाली दाखवावयाचा? उत्तर असे निघाले की शिपाई आपापल्या डब्यातील पोळ्या त्याला देत होते. आम्ही त्या शिपायांचे ऋणी आहोत, आणि ते आम्ही त्यांना सांगितलेही. परंतु ज्याचे पोट दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून आहे तो तक्रार करू शकत नाही. त्याच्या पायाला सूज आली होती, आणि अकरा दिवसांत त्याने ती कोणाला दाखवली नाही.

तेव्हापासून आम्ही या विषयावरील नियम जमतील तसे वाचत आलो आहोत. त्यांचे स्वरूप थोडक्यात असे.

तुरुंगासाठी नियमपुस्तिका आहे. तीत आहाराचे प्रमाण आहे, वैद्यकीय अधिकारी आहे, आणि महत्त्वाचे म्हणजे शासकीय व अशासकीय अभ्यागतांची तरतूद आहे. परंतु परदेशी माणसाने शिक्षा भोगून संपवली की त्याला तुरुंगात ठेवणे अन्यायाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. मायदेशी रवानगी होईपर्यंत त्याला अन्यत्र, हालचालींवर मर्यादा घालून, ठेवावे असा आदेश झाला. यातून ‘डिटेन्शन सेंटर’ वा ‘होल्डिंग सेंटर’ ही कल्पना पुढे आली; आपण त्यांस स्थानबद्धता केंद्रे म्हणू. २०१९ च्या जानेवारीत केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा केंद्रांसाठी एक आदर्श नियमपुस्तिका राज्यांकडे पाठवली. ती वाचली असता मन प्रसन्न होते, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. वीज व जनित्र, पिण्याचे पाणी, बिछाने, वाहत्या पाण्याची पुरेशी शौचालये, स्वयंपाकघर, दवाखाना, स्त्री-पुरुषांची वेगळी सोय, परंतु एका कुटुंबातील माणसांची ताटातूट होऊ नये ही दक्षता, स्तनदा मातांकडे विशेष लक्ष, पाळणाघर, मुलांना जवळच्या शाळेत घालण्याची तजवीज, तक्रारनिवारण. गोव्यात त्याच वर्षी म्हापशाच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत असे केंद्र सुरू झाले. आसामात गोवालपाडा जिल्ह्यातील माटिया येथे ३,००० माणसांसाठी बांधलेल्या छावणीत २०२३ च्या जानेवारीत पहिली माणसे आणली गेली. तोवर त्या राज्यात ही माणसे तुरुंगांच्या आवारातच ठेवली जात होती.

पुस्तिका आणि प्रत्यक्ष यांतील अंतर किती असते, हे माटियाच्या उदाहरणावरून दिसते. २०२४ च्या जुलैमध्ये आसाम राज्य विधी सेवा प्राधिकरणाचा पाहणी अहवाल सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने खेद व्यक्त केला: पुरेसे पाणी नाही, स्वच्छतेची धड व्यवस्था नाही, धड शौचालये नाहीत. ध्यानात घ्यावे की ही सारी इमारत याच कामासाठी नव्याने बांधलेली, दीड वर्षाची, आणि सर्व देशाचे लक्ष असलेली होती. आणि तिच्यातील त्रुटी उघडकीस आल्या त्या कोणीतरी बाहेरचा माणूस अधिकाराने आत गेला म्हणून.

आता सुरतेकडे परत येऊ. ज्या माणसांना पहाटे घरातून उचलले, ती तुरुंगात नव्हती आणि स्थानबद्धता केंद्रातही नव्हती. अहमदाबादेत शेकडो जणांना कांकरिया येथील फुटबॉलच्या मैदानावर आणून बसवण्यात आले. ती चित्रे आपण सर्वांनी पाहिली. एप्रिलअखेर तेथील ऊन कसे असते हे सांगावयास नको. मैदानास नियमपुस्तिका नसते. पुस्तिका इमारतीविषयी बोलते. मैदान, सभागृह, कचेरीचा व्हरांडा यांविषयी ती बोलत नाही, कारण तेथे कोणी राहत नाही असे गृहीत धरलेले आहे. वास्तव्य जितके अल्प तितके नियम कमी, आणि नियम जितके कमी तितका त्रास अधिक, असा हा उलटा हिशेब आहे. दीर्घ मुदतीच्या कैद्याला निदान आपली जागा, आपली ताटली, आपला ओळखीचा पहारेकरी असतो. पहिल्या तीन दिवसांच्या माणसाजवळ अंगावरचे कपडे असतात.

आणि गृहीत धरलेली अल्प मुदत अल्प राहत नाही. २०२५ च्या मे महिन्यात गृहमंत्रालयाने राज्यांना कळवले की बांगलादेश वा म्यानमारमधील असल्याचा संशय असलेल्या व्यक्तींच्या नागरिकत्वाच्या दाव्याची पडताळणी तीस दिवसांत करावी, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांना ठेवण्यासाठी पुरेशी केंद्रे उभारावीत. माणूस ज्या राज्याचा असल्याचे सांगतो त्या राज्याकडे चौकशी जाते. मुदतीत उत्तर आले नाही तर रवानगीची कार्यवाही होऊ शकते. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा जुना परदेशी व्यक्ती कायदा जाऊन त्याच्या जागी नवा आप्रवास व परदेशी व्यक्ती कायदा आला आहे. परंतु मी परदेशी नाही हे सिद्ध करण्याचे ओझे संशयिताच्याच शिरावर ठेवण्याचे जुने तत्त्व नव्या कायद्यातही कायम आहे.

हे ओझे लक्षात घेतले म्हणजे राहणीमानाचा प्रश्न निराळाच दिसू लागतो. पंख्याची सोय, पांघरूण, पाणी हा दयेचा विषय आणि नागरिकत्व हा न्यायाचा विषय, अशी आपण मनात विभागणी करतो. प्रत्यक्षात ते असे वेगळे करता येत नाहीत. ताब्यात घेतल्यावर पहिल्यांदा फोन काढून घेतला जातो. आजच्या मजुराचे सर्व काही त्या फोनात असते: आधारपत्राचे छायाचित्र, गावच्या प्रधानाचा क्रमांक, भावाचा क्रमांक, मुकादमाचा क्रमांक. त्यांतील एकही त्याला पाठ नसतो. जुन्या दस्तऐवजाची प्रत बंगालच्या खेड्यातून सुरतेस यावयाची तर तिकडे कोणाला तरी कळावे लागते. ज्या बायकोला नवरा कोठे आहे हेच ठाऊक नाही ती प्रत कोठे पाठवील? तीन रात्री न झोपलेल्या, मधुमेहाची गोळी न मिळालेल्या माणसाला आजोबांचे नाव, मतदारयादीतील क्रमांक, जन्माचे वर्ष विचारले आणि तो चुकला, तर ती चूक पंचनाम्यात जाते. जरीकाम करणारा मुलगा अकरा वर्षांचा असताना गाव सोडून आलेला असेल, तर त्याला गावच्या ठाण्याचे नाव येत नाही. आणि नेमके तेच त्याला विचारतात. निजायला जागा, औषध आणि एक फोन या तीन गोष्टी म्हणून त्याच्या पुराव्याचाच भाग आहेत.

त्या वर्षी पुढे जे घडले त्यावरून ही शंका अवाजवी नाही असे दिसते. मे महिन्याच्या ९ तारखेस सुंदरबनच्या खारफुटीत, मांदारबाडिया येथे, ७८ माणसे बांगलादेशाच्या अधिकाऱ्यांना आढळली. त्यांना गुजरातेत पकडून समुद्रमार्गे तेथे सोडण्यात आल्याचे त्यांनी सांगितले, आणि त्यांतील तिघांजवळ भारतीय नागरिकत्व असल्याचे तेथील अधिकाऱ्यांनी कळवले. जूनमध्ये मुंबईलगतच्या मीरा रोड येथून पकडलेल्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्यास सीमेपलीकडे लोटण्यात आले, आणि तो भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणण्यात आले. मीरा रोड ते सीमा या प्रवासास लागलेले ते थोडे दिवसच त्याला स्वतःस सिद्ध करण्यासाठी होते.

हा दोष केवळ आपल्या देशाचा आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडात अल्पकालीन स्थानबद्धतेसाठी स्वतंत्र नियम २०१८ पासून आहेत. तरीही केंट परगण्यातील मॅन्स्टन येथे, जेथे लहान होड्यांतून आलेल्यांना चोवीस तासांपुरते ठेवावयाचे व सुमारे १,६०० माणसांची सोय होती, तेथे २०२२ च्या शरदऋतूत सुमारे ४,००० माणसे कोंडली गेली; कित्येक जण आठवडेच्या आठवडे तंबूतील जमिनीवर राहिले. घटसर्प पसरला. एक माणूस दगावला. गर्दीत साथ कशी चढते हे १९९४ चा प्लेग पाहिलेल्या सुरतकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. पण एक भेद नोंदवला पाहिजे: मॅन्स्टनची हकीकत बाहेर आली ती पुष्कळ अंशी तेथील स्वतंत्र निरीक्षकांमुळे. आत जाऊन पाहण्याचा व लिहिण्याचा त्यांना कायद्याने अधिकार होता.

हा अधिकार आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे काय? आमच्या वाचकांपैकी ज्यांना मिशनच्या इतिहासाची आवड आहे त्यांना पहिल्या महायुद्धातील अहमदनगरची (आजच्या अहिल्यानगरची) छावणी आठवेल. १९१४ च्या परदेशी व्यक्तींविषयीच्या वटहुकुमान्वये हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिक स्थानबद्ध झाले. त्यांत व्यापारी होते, खलाशी होते आणि धर्मगुरूही होते. बेळगावच्या छावणीत स्त्रिया व मुलेही होती. पुष्कळ जर्मन मिशनऱ्यांना १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजाने युरोपात पाठवून देण्यात आले. मुंबई-पुणे मिशनमधील जर्मन येशूसंघीयांचे काम त्यामुळे खंडित झाले आणि युद्धानंतर ते स्पॅनिश येशूसंघीयांकडे गेले. अर्थात ज्यांनी आपल्या शाळा उभारल्या, त्यांनाही एके दिवशी ‘तू येथला कसा?’ असे विचारले गेले होते. तरीसुद्धा १९१७ मध्ये, ऐन युद्धात, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी अहमदनगरास व बेळगावास गेले, त्यांनी छावण्या पाहिल्या व अहवाल छापला. शत्रूची माणसे ज्या छावणीत होती तेथे तिऱ्हाईताला प्रवेश होता. आज एखाद्या जिल्ह्यात संशयितांसाठी घेतलेल्या सभागृहात तो कोणाला आहे, हे आपण आपापल्या जिल्ह्यात विचारून पाहावे.

येथे शास्त्राभ्यासाचा एक मुद्दा मांडण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाविसाव्या अध्यायात यरुशलेमेच्या गढीत पौलाला फटके मारण्यासाठी बांधतात. तो आपण रोमी नागरिक असल्याचे सांगतो, आणि सरदार घाबरतो, कारण त्याने चौकशीपूर्वीच त्याला बांधलेले असते. प्रवचनांतून आपण येथे पौलाच्या चातुर्याची वाखाणणी करतो. पण त्याच गढीत त्याच दिवशी नागरिकत्व नसलेला कोणी असता तर त्याला फटके बसलेच असते, आणि लूकने त्याची नोंद केली नसती. प्रभू येशूजवळ रोमी नागरिकत्व नव्हते. पौलाचा फटका चुकला, त्याचा चुकला नाही. म्हणून ताब्यातील माणूस अखेरीस भारतीय निघाला तेव्हाच हळहळणे हे आमच्या मते अपुरे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजाच्या सत्ताविसाव्या परिच्छेदात माणसाच्या प्रतिष्ठेस काळिमा फासणाऱ्या गोष्टी सांगितल्या, त्यांत अमानुष राहणीमान, मनमानी कारावास व हद्दपारी ही एकाशेजारी एक ठेवली आहेत. ही जवळीक आम्हांस पूर्वी शब्दांच्या ओघातली वाटत असे.

आता धर्मग्रामातील कामाविषयी. पहाटे फोन येतो तो बहुधा धर्मशिक्षकाला, कारण तो वस्तीत राहतो. त्याने प्रथम एवढेच करावे की माणसाला कोठे नेले, कोणत्या वेळी, कोणी, आणि बरोबर कोणती मुले होती, हे घरच्यांच्या तोंडून ऐकून वहीत वेळेसह लिहून घ्यावे. चोवीस तास कधी सुरू झाले याचा पुढे वाद होतो, तेव्हा ही वही उपयोगी पडते. त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीतील प्रत्येक व्यक्तीस, तिचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यात नागरिकत्वाची अट घातलेली नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. तो प्रार्थनामंदिराच्या फलकावर लावण्यास काही हरकत नसावी. मुले बरोबर असतील तर बालकल्याण समितीस कळवणे हे आपले काम आहे, आणि त्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आपल्याकडे पत्रे मागायला लोक येतील. धर्मगुरूने जे स्वतःस ठाऊक आहे तेवढेच लिहावे: हा इसम अमुक वर्षापासून आमच्या परिचयाचा आहे, अमुक गल्लीत राहतो. त्याचा जन्म कोठे झाला हे आपल्याला ठाऊक नसेल तर दयेपोटीही लिहू नये. एक पत्र खोटे ठरले की पुढच्या दहा खऱ्या पत्रांवर कोणी विश्वास ठेवत नाही. आपल्या स्वतःच्या नोंदवह्यांकडेही पाहावे. स्नानसंस्काराची जुनी वही वाळवीच्या तोंडी पडली असेल तर तिच्या प्रती काढून घेण्याचे काम आता टाळू नये.

आणखी एक गोष्ट, जी काहींना रुचणार नाही. ताब्यातील माणसाजवळ जाताना हातात पत्रके नेऊ नयेत. गुजरातेत २००३ चा व २०२१ मध्ये कडक केलेला धर्मांतरविषयक कायदा आहे, हे एक कारण झाले; पण तो कायदा नसता तरी आम्ही हेच म्हटले असते. ज्याला उठून दाराबाहेर जाता येत नाही त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. त्याच्याशी त्याच्या मुलांविषयी बोलावे, आणि त्याने प्रार्थना मागितली तर ती करावी.

पहिल्या भेटीस जाताना काय न्यावे असे एका तरुण धर्मशिक्षकाने आम्हांस विचारले होते. आमचा अनुभव असा की जेवण बहुधा कोणी ना कोणी देते, पुढील वस्तू मात्र कोणी देत नाही: पातळ चादर, साबण, स्त्रियांसाठी पाळीच्या दिवसांतले कापड, तान्ह्या मुलासाठी दूध व वाटी-चमचा, आणि घरातील औषधाच्या पाकिटाबरोबर डॉक्टरांच्या चिठ्ठीची छायाप्रत, कारण चिठ्ठीवाचून गोळी आत जाऊ देत नाहीत. जवळ कागद व पेन ठेवावे. आत भेट मिळाली तर त्या माणसाला आठवणारा निदान एक दूरध्वनी क्रमांक विचारून लिहून घ्यावा, आणि बाहेर येताच तो लावावा.